मैदानातले मृत्यू : दक्षिण मराठा मुलूख, १८५७-५८

बेळगावजवळच्या कडोलीच्या शेजारी काकती आहे. तिथे जन्मलेली चन्नम्मा १८२४ मध्ये कित्तूरच्या गढीवरून कंपनी सरकारशी लढली. तिचा शिलेदार संगोळी रायण्णा २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फासावर गेला. ही दोन नावे आमच्या भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण रायण्णाच्या फाशीला सत्तावीस वर्षे होतात न होतात तोच याच मुलखात सरकारने माणसे मारली, आणि तीही एकेकटी नव्हे, रांगेने. सातारा, कोल्हापूर, मुधोळ, हलगली, बेळगाव अशा ठिकाणी १८५७ च्या उन्हाळ्यापासून १८५८ च्या पावसाळ्यापर्यंत हे चालले होते. कुणाला फास दिला, कुणाला गोळ्या घातल्या, तर कुणाला तोफेच्या तोंडाशी बांधून उडवले. या मेलेल्यांची नावे मात्र आपल्या तोंडी नाहीत. प्रस्तुत संग्रह त्यांच्याविषयी आहे.

अठराशे सत्तावन म्हटले की मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी ही गावे आठवतात. दक्षिणेत सगळे शांत होते अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी रुजवली. प्रत्यक्षात दक्षिण मराठा मुलखात असंतोषाची कारणे उत्तरेइतकीच खोल होती. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले आणि १८४८ मध्ये ते राज्यच खालसा केले. कोल्हापूर संस्थानात १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केले. सामानगड आणि भुदरगड हे किल्ले त्या बंडाची केंद्रे होती. बंड मोडल्यावर गडकऱ्यांचे पिढीजात हक्क गेले. पुढे इनाम कमिशन आले. पणजोबा-खापरपणजोबांच्या काळापासून चालत आलेल्या जमिनींची सनद दाखवा, नाहीतर इनाम जप्त, असा तो कारभार होता. ज्या घरात कागद वाळवीने खाल्ला होता किंवा लढाईत जळाला होता, त्या घराला दाद मागायला जागा उरली नाही. दत्तक नामंजूर होऊ लागले. १८५७ च्या शेवटी त्यावर निःशस्त्रीकरणाच्या कायद्याची भर पडली. तलवार, बंदूक, भाला जे काही असेल ते सरकारात नोंदवा किंवा जमा करा, असा हुकूम सुटला. रामोशी, बेरड, जागले, शिलेदार यांच्यासाठी हत्यार हीच रोजी होती आणि अब्रूही होती. ती काढून घेण्याचा हुकूम म्हणजे पोटावर आणि मानावर एकदम पाय होता.

पहिला मोठा घाव साताऱ्यात बसला. रंगो बापूजी गुप्ते यांनी प्रतापसिंहांची कैफियत घेऊन लंडनमध्ये १८४० पासून जवळपास चौदा वर्षे काढली होती. अर्ज, सभा, पत्रके, पार्लमेंटातल्या सभासदांच्या भेटी हे सगळे सनदशीर मार्ग त्यांनी पायाखाली घातले आणि रिकाम्या हाताने ते परतले. साताऱ्यातला कट त्यांच्याभोवती उभा राहिला आणि १८५७ च्या जून महिन्यात तो फुटला. रंगो बापूजी निसटले आणि पुढे कधीच सरकारच्या हाती लागले नाहीत. पण त्यांचा मुलगा सीताराम सापडला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना ठार करण्यात आले, सीताराम त्यांतला एक होता. फाशी, गोळी आणि तोफ हे तीनही प्रकार त्या एका दिवशी, त्या एकाच माळावर वापरले गेले. ज्या बापाने कायद्याच्या दारात चौदा वर्षे काढली, त्याच्या मुलाला कायद्याने माळावर मारले, एवढे एक वाक्य त्या राजवटीविषयी पुरेसे बोलते.

कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ च्या रात्री सत्ताविसाव्या मुंबई पलटणीने उठाव केला. धारवाडची अठ्ठाविसावी, बेळगावची एकोणतिसावी आणि ही सत्ताविसावी अशा तिन्ही पलटणींत निरोप फिरत होते असे सरकारला कळले. बेळगावात मोठी तुकडी होती, दारूगोळा होता, गोऱ्यांची कुटुंबे होती. तिथे उठाव फुटण्याआधीच धरपकड झाली आणि पलटणीशी संबंध असलेल्या एका मुनशीला तोफेच्या तोंडी देण्यात आले. कोल्हापुरात ले ग्रँड जेकब हा इंग्रज अधिकारी ऑगस्टच्या मध्यावर पोहोचला. १८ ऑगस्टला त्याने पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि लगेच फौजी न्यायालय बसवले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर शहराचे दरवाजे बंद करून लोक पुन्हा उठले. जेकबने दरवाजा फोडून आत प्रवेश केला, तिथल्या तिथे चौकशी केली आणि तिथल्या तिथे माणसे मारली. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर या उठावाचा संशय होता. त्यांना कराचीला नेऊन ठेवले, आणि १८६९ मध्ये तिथेच, आपल्या मुलखापासून दूर, त्यांचा अंत झाला.

हलगली हे मुधोळ संस्थानातले गाव. तिथल्या बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस घोडदळ आले, लढाई झाली आणि गाव पेटवले गेले. पकडलेल्यांपैकी एकोणीस जणांना फाशी झाली. ११ डिसेंबरला मुधोळमध्ये तेरा आणि १४ डिसेंबरला खुद्द हलगलीत सहा. ही विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. सगळ्यांना मुधोळमध्येच संपवता आले असते. पण सहा जणांना मुद्दाम जळलेल्या गावात परत नेले, कारण ते दृश्य त्यांच्या बायकामुलांनी आणि शेजाऱ्यांनी पाहावे असे ठरले होते. हलगलीच्या या लढ्यावर कानडीत पोवाडे झाले. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे ते टिपून घेतले, म्हणून ते छापील रूपात उरले.

शेवटचा अंक नरगुंदचा. नरगुंदचे भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब हे ग्रंथांचा मोठा संग्रह बाळगणारे, विद्याव्यासंगी संस्थानिक. त्यांचा दत्तक नाकारला गेला. १८५८ च्या मे अखेरीस त्यांनी उघड बंड पुकारले. २९ मेच्या रात्री सुरेबान इथे पोलिटिकल एजंट मॅन्सन मुक्कामाला होता. त्याच्यावर छापा घालून त्याला ठार मारले आणि त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर लावले. दोनच दिवसांत कर्नल माल्कमची फौज आली, गाव आणि किल्ला पडला. बाबासाहेब तोरगलच्या रानात पकडले गेले. त्यांच्या आई आणि पत्नी यांनी मलप्रभेत देह टाकला. बाबासाहेबांना बेळगावला आणले, खटला चालवला आणि १२ जून १८५८ रोजी फाशी दिली. बंड पुकारल्यापासून फासापर्यंत तीन आठवडेही गेले नाहीत.

ही चार ठिकाणे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळक होते, आणि तीच या संग्रहाची बैठक आहे. हे देहदंड गुन्ह्याच्या मापाने दिलेले नव्हते. ते जिवंत राहणाऱ्यांसाठी दिलेले होते. साताऱ्याचा कट फुटला तेव्हा त्याने एकाही गोऱ्याचा जीव घेतलेला नव्हता. बेळगावात तर उठावच झाला नाही. तरीही माणसे मारली गेली आणि मारण्याची रीत जास्तीत जास्त भयंकर निवडली गेली. तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा इंग्रजांनी शोधलेली नाही. मोगलांनी ती दिली, मराठ्यांनीही दिली. कंपनीने ती उचलली आणि १७६४ मध्ये हेक्टर मन्रोने बंगालच्या शिपायांवर वापरली. १८५७ मध्ये तिचा सर्रास उपयोग झाला याचे कारण साधे होते. त्यात देह उरत नाही. हिंदूला अग्नी मिळत नाही, मुसलमानाला कबर मिळत नाही. म्हणजे माणसाला मारायचे, आणि त्याच्या घरच्यांना सुतकाचा विधीही करू द्यायचा नाही. मैदान मोठे निवडायचे, पलटणी रांगेने उभ्या करायच्या, गावकऱ्यांना हाकारून आणायचे. मेलेल्यापेक्षा पाहणाऱ्यावर सरकारची नजर अधिक होती.

पुढे १९१९ मध्ये अमृतसरला जनरल डायरने जालियनवाला बागेत गोळीबार केला. चौकशी समितीपुढे त्याने उघडच सांगितले की पंजाबभर वचक बसावा हा आपला हेतू होता. ही विचारसरणी त्या दिवशी जन्मली नव्हती. गेंडामाळावर आणि हलगलीत ती बासष्ट वर्षे आधीच कामाला लागली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे सगळे कायद्याने झाले. १८५७ च्या मे-जून महिन्यांत कलकत्त्याच्या विधान परिषदेने एकामागून एक कायदे केले. खास कमिशनर नेमायचे, त्यांनी तातडीने खटला चालवायचा, त्यांनी दिलेला निकाल अखेरचा आणि त्यावर अपील नाही. त्याच जूनमध्ये छापखान्यांवर परवान्याचे बंधन घातले गेले, म्हणजे माळावर जे चालले होते त्यावर टीका करणारे पत्र निघणेही अवघड झाले. आरोपीच्या बाजूने बोलायला वकील नाही, बाहेरून पाहणारा पत्रकार नाही आणि वर दाद मागायला कोर्ट नाही, अशा तीन दारांच्या कड्या एकाच वेळी लावल्या गेल्या. सरकारच्या कागदांत हे खटले व्यवस्थित दिसतात. तारीख आहे, साक्ष आहे, निकाल आहे. पण ज्या खटल्यात सुटकेची वाटच ठेवलेली नाही, त्याला केवळ दप्तरात नोंद आहे म्हणून न्याय म्हणता येत नाही.

हे केवळ परक्या राजवटीचे लक्षण नाही, हेही वाचकाने ध्यानात घ्यावे. फ्रान्समध्ये क्रांतीच्याच सरकारने, स्वातंत्र्य आणि समता यांचा जयघोष करत, १७९३ च्या सप्टेंबरपासून १७९४ च्या जुलैपर्यंत सुमारे सतरा हजार माणसांना रीतसर मृत्युदंड दिला. १० जून १७९४ च्या कायद्याने तिथल्या क्रांतिकारी न्यायालयातून आरोपीचा वकील काढून टाकला आणि निकाल दोनच ठेवले, सुटका किंवा मृत्यू. त्या कायद्यामागे उभा असलेला रोबेस्पिएर पन्नास दिवसांच्या आत स्वतःच गिलोटिनखाली गेला. एकीकडे राजा उलथणारे क्रांतिकारक आणि दुसरीकडे क्रांती चिरडणारी व्यापारी कंपनी. दोघांचे हेतू एकमेकांच्या अगदी उलटे होते. तरी दोघांनीही न्यायाला पहिल्यांदा कात्री लावली ती एकाच ठिकाणी: बचाव आणि अपील. संकट मोठे आहे, वेळ नाही, हे कारणही एकच.

आमच्या शेजारच्या गोव्यात याचा आणखी एक दाखला आहे. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा एक कट उघडकीस आला. इतिहासात तो पिंटोंचा कट म्हणून ओळखला जातो. त्यात धर्मगुरू आणि लष्करातले लोक गुंतले होते. १३ डिसेंबर १७८८ रोजी पणजीत पंधरा जणांना ठार करून त्यांच्या देहांची विटंबना करण्यात आली. फ्रान्समध्ये क्रांती व्हायला तेव्हा काही महिने उरले होते. पणजीतला तो कटही अमलात आलेला नव्हता. जे घडले नाही त्याची शिक्षा इतकी क्रूर का, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तेच आहे: शिक्षा पुढे घडू शकणाऱ्या बंडाला होती.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. बंडवाल्यांनीही माणसे मारली. कोल्हापुरातून पळून जाणारे तीन तरुण गोरे अधिकारी ठार झाले. मॅन्सनचे शिर वेशीवर टांगले गेले. उत्तरेत कानपूरला बायकामुलांची कत्तल झाली. हे सगळे खरे आहे, आणि या संग्रहात ते झाकलेले नाही. बंडातली क्रूरता क्रूरताच आहे, तिला शौर्याच्या शालीत गुंडाळण्याचे काम इतिहासाचे नव्हे. पण सरकारचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. रात्रीच्या छाप्यातला माणूस धुंदीत, भीतीत, क्षणाच्या भरात मारतो. सरकारच्या हाती तुरुंग असतो, न्यायाधीश असतो, कारकून असतो, दिवस आणि महिने असतात. थांबण्याची सोय असूनही जो थांबत नाही, त्याची जबाबदारी अधिक. आणि हे आपण आज दीडशेहून अधिक वर्षांनी म्हणतो आहोत असेही नाही. गव्हर्नर जनरल कॅनिंगने ३१ जुलै १८५७ रोजी, म्हणजे ज्या दिवशी कोल्हापूरची पलटण उठली त्याच दिवशी, शिपायांना सरसकट मारण्यावर आवर घालणारा ठराव काढला. त्यासाठी गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याची दयाळू कॅनिंग म्हणून टर उडवली. आवर घालणे तेव्हाही सुचत होते, शक्य होते आणि न्याय्य होते. माळावरचे मृत्यू टळू शकले असते.

या काळाविषयी मराठीत लिहिलेले थोडेच सापडते. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी झाशीतली कत्तल डोळ्यांनी पाहिली आणि पुढे ‘माझा प्रवास’ मध्ये ती लिहिली. ते पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण मराठा मुलखाच्या वाट्याला असा साक्षीदार आला नाही. आपल्या हाती उरतात त्या अधिकाऱ्यांच्या आठवणी, गॅझेटियर, खटल्यांचे कागद आणि लोकगीते. जेकबने स्वतः आपल्या आठवणी १८७१ मध्ये छापल्या. मारणाऱ्याने लिहिलेले वाचून मेलेल्याविषयी जाणून घ्यावे लागते ही आपली अडचण आहे. म्हणून अशा कागदांत जे लिहिले आहे त्याबरोबरच जे वगळले आहे तेही वाचावे लागते. किती माणसे मारली हा आकडा बहुधा सापडतो, ती कुठल्या गावची होती, घरात कोण होते, शेत किती होते हे सापडत नाही. या संग्रहातील तरुण अभ्यासकांनी दप्तर आणि गावातली आठवण, वंशावळी आणि देवळातली नोंद, असे शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तो वाखाणण्यासारखा आहे, कारण हे काम मानमरातब मिळवून देणारे नाही. त्यासाठी उन्हात गावे पालथी घालावी लागतात आणि म्हाताऱ्या माणसांपुढे धीर धरून बसावे लागते.

सीमाभागात राहून या संग्रहाकडे पाहताना आणखी एक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. आमच्या भागात इतिहास भाषेच्या बाजूने वाटून घेण्याची सवय जडली आहे. एक वीर तुमचा, एक आमचा. पुतळ्यांवरून माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. १८५७-५८ च्या मेलेल्यांची यादी पाहिली तर ही वाटणी टिकत नाही. हलगलीचे बेरड कानडी बोलणारे होते, आणि त्यांचे गाव घोरपड्यांच्या मराठी संस्थानात होते. नरगुंदचे भावे मराठी ब्राह्मण होते, आणि त्यांची रयत कानडी होती. बेळगावचा मुनशी मुसलमान होता. साताऱ्यात प्रभू, मराठे, रामोशी एका रांगेत उभे राहिले. पलटणींत कोकणातले मराठे होते आणि अवधहून आलेले परदेशीही होते. फास टांगणाऱ्याने कुणाची मातृभाषा विचारली नव्हती. आम्हाला सीमाप्रश्नाबद्दल ठाम मत असू शकते, ते असावेही. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठी कागद यांसाठीचा आग्रह न्याय्य आहे. पण या मृतांना त्या वादाच्या फळीवर उभे करणे म्हणजे त्यांच्या मरणाचा पुन्हा एकदा वापर करणे होय. सरकारने तो एकदा केला. आपण करू नये.

या विषयाचे वाचन केवळ अभिमानासाठी करू नये, असे मला मनापासून वाटते. अभिमानात माणूस मेलेल्याचे नाव घेतो आणि पुढे निघून जातो. इथे थांबायला हवे. एखादे राज्य घाबरले की ते कसे वागते, कायदा किती झपाट्याने वाकतो, वर्तमानपत्र प्रथम का गप्प केले जाते, आणि गर्दी जमवून शिक्षा देण्याचा मोह कुठून येतो, हे या चार ठिकाणी जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. राज्य परके असो वा आपले, राजाचे असो वा क्रांतीचे, ज्या दिवशी ते आरोपीचा वकील आणि अपील काढून घेते, त्या दिवशी ते न्याय सोडून सूड घ्यायला लागलेले असते.

साताऱ्याजवळ, कोल्हापूरजवळ, मुधोळ-हलगलीच्या बाजूला, बेळगाव परिसरात ज्यांची मुळे आहेत अशा वाचकांना माझी एक विनंती आहे. घरात जुने कागद असतील, कुळात कुणी ‘त्या बंडात गेला’ अशी गोष्ट सांगितली जात असेल, तर ती लिहून काढा. तारीख नीट आठवत नसली तरी चालेल. नाव लिहा, गाव लिहा, सांगणारा कोण ते लिहा, आणि ते जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात ठेवा. सरकारच्या कागदात ज्यांची केवळ संख्या उरली, त्यांना नाव देणे एवढे आपल्या हातात अजून आहे.